बॉनेटवरचा शेंदूर

भालचंद्रांनी गाडीची किल्ली शरयूच्या हातात दिली ती नाशिकच्या ट्रेनिंगला निघताना, रिक्षात एक पाय ठेवून. तोवर ती किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात राहायची. शर्ट धुवायला पडला की दुसऱ्या शर्टात जायची. शरयूनं क्लास लावून ड्रायव्हिंग शिकून लायसन काढलं होतं, पण ते आतापर्यंत फक्त बँकेत ओळख पटवायला उपयोगी पडलं होतं.

“बॅटरी उतरू नये म्हणून देऊन राह्यलो,” भालचंद्र म्हणाले. “रोज नुसती चालू करायची. गेटच्या बाहेर न्यायची न्हाई. मी शुक्रवारी आलो की बघू. सगळं बराबर असलं, तर पिंपळगावला जाताना तू चालव.”

पिंपळगाव रेणुकाई हे शरयूचं माहेर. त्या गल्लीत आपण स्वतः गाडी घेऊन शिरायचं आणि भावजयीच्या दारासमोर हॉर्न वाजवायचा, हे तिनं मनातल्या मनात इतक्या वेळा केलं होतं की हॉर्न ऐकून दार कोण उघडणार हेसुद्धा ठरलेलं होतं.

गाडी गडद निळी होती. जालन्याच्या धुळीत पांढरीच घ्या, असं शोरूमवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी सांगितलं होतं. भालचंद्रांनी जन्मभर सगळ्यांचं ऐकलं होतं. या एका बाबतीत ऐकलं नाही. आणि गाडी त्या रंगात दिसायचीही देखणी. सकाळी ते तिला एका मऊ पिवळ्या फडक्यानं पुसायचे, आणि त्या फडक्याला घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. शरयूला कधी कधी त्या फडक्याचा हेवा वाटे.

गाडीत खोट एकच होती, आणि ती देवाची होती. नवी गाडी घेतली की आधी राजूरला गणपतीच्या पायाशी न्यायची, तशी ही नेली होती. तिथल्या महाराजांनी तेलात कालवलेल्या शेंदरानं बॉनेटवर ठसठशीत स्वस्तिक काढलं. भालचंद्र ते पुसू देईनात, वर दर चतुर्थीला जाऊन नवं काढून आणत. थरावर थर चढले. एप्रिलच्या उन्हात तेल सुटलं आणि शेंदूर हेडलाइटपर्यंत ओघळला. निळी देखणी गाडी कपाळ फुटल्यासारखी दारात उभी असायची.

नवरा परत येईल तेव्हा गाडी लखलखीत दिसली पाहिजे, असं शरयूनं ठरवलं. स्वस्तिक चतुर्थीला नवं निघणारच होतं; ही किल्ली दिल्याची परतफेड म्हणा.

पितळेच्या बाबतीत शरयूचा हात गल्लीत नावाजलेला होता. तिच्या देवघरातल्या समईत तोंड बघून केस विंचरता येतील, असं शेजारच्या मालनबाई म्हणत. देवाची भांडी ती चिंच आणि रांगोळीनं घासायची. शेंदूर देवाचाच, तेलही देवाचंच. मग तो निघायला वेगळं काय लागणार? तिनं चिंच भिजवली, वाटीत रांगोळी घेतली, काथ्याचा बोळा घेतला आणि पदर खोचून बॉनेटला भिडली. शेंदूर सुरेख निघाला. तिनं स्वच्छ पाणी ओतलं आणि मागं सरकून बघितलं.

शेंदूर गेला होता. स्वस्तिक मात्र होतं तिथंच होतं. जिथं जिथं तिनं जोर लावला होता तिथं तिथं बारीक चरे उठले होते, आणि ऊन पडताच ते कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकायला लागले.

मालनबाई कुंपणावरून सगळं बघत होत्या. त्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं की चऱ्यांना टूथपेस्ट लावतात. दोघींनी अख्खी ट्यूब संपवली. ती उन्हात वाळली, पुसली, आणि चऱ्यांमध्ये पांढरी होऊन बसली. आधी जवळून दिसत होतं ते आता रस्त्यावरून दिसायला लागलं. मग मालनबाईंनी खोबरेल सुचवलं. खोबरेलानं खरोखर सगळं दिसेनासं झालं. मालनबाई विजयी मुद्रेनं चहा टाकायला गेल्या. चहा येईपर्यंत समोरून वाळूचा ट्रॅक्टर गेला आणि तेलकट बॉनेटवर धूळ अशी बसली, जशी चिरोट्यावर पिठीसाखर.

“आता?” मालनबाईंनी कप हातात धरूनच विचारलं.

आता मंठा रोडवरचा गाड्यांना पॉलिश करणारा अजमत. त्याचं नाव सगळ्या जालन्याला माहीत होतं, कारण ते त्यानं सगळ्या जालन्यात लिहून ठेवलं होतं. पण तिथं जायचं तर गाडी गेटच्या बाहेर काढावी लागणार होती, आणि नेमकं तेवढंच करू नको म्हणून सांगितलेलं. शरयूनं थोडा विचार केला. घरात ठेवावी तर शुक्रवारी किल्ली पुन्हा खिशात जाणार, ती कायमची. तिनं गाडी काढली. मालनबाई शेजारी बसल्या, आणि मंठा रोड येईपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. उतरताना म्हणाल्या, “वैनी, तुम्ही लई छान चालवता. मला काहीच कळलं न्हाई.”

अजमत हा कमी बोलणारा कारागीर नव्हता. आपल्या कामाची तारीफ दुसऱ्यावर सोपवण्याइतका त्याचा जगावर भरवसा नव्हता. त्यानं आधी हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घातली आणि डोळे मिटून बॉनेटवरून तळवा फिरवला, जसा वैद्य नाडी बघतो. मग नख चऱ्यावरून आडवं ओढलं.

“नख अटकून न्हाई राह्यलं. म्हणजे रंग सलामत हाय, वरची चमक ओरबाडली,” तो म्हणाला. “कशानं घासली, भाभी?”

शरयूनं सांगितलं. अजमतनं ऐकून घेतलं, मग टूथपेस्टचं ऐकलं, मग खोबरेलाचं. “जिरं-मोहरी न्हाई टाकली?” त्यानं विचारलं.

त्यानं गाडी धुतली, रबराच्या कडांना कागदी पट्ट्या चिकटवल्या आणि मशीनवर लोकरीची गादी चढवली. बॉनेटवर मलमासारखं काहीतरी ठिपक्या-ठिपक्यांनी लावलं आणि मशीन फिरवायला लागला. आणि बोलणारा अजमत गप्प झाला. हात लाटेसारखा जात होता, येत होता. मशीन एका जागी क्षणभरही थांबत नव्हतं, कारण थांबलं की रंग भाजतो. नंतर मऊ स्पंजाची गादी, बारीक मलम, पुन्हा तीच लाट. शरयू बघत राहिली. चांगलं काम चाललेलं असलं की तिला तिथून हलता येत नसे, मग ते पुरणपोळीचं असो नाहीतर गाडीचं.

त्यानं फडकं फिरवलं. बॉनेटमध्ये अख्खं आभाळ उतरलं होतं, शेजारच्या लिंबासकट. चरा औषधालाही नव्हता.

“झालं,” शरयू म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

“कुठं झालं?” अजमत म्हणाला. “जरा मागं होऊन बघा.”

ती मागं झाली. बॉनेट कालच लग्न झाल्यासारखं होतं आणि बाकीची गाडी त्याच्या सासूसारखी. कुणीही पाहिलं असतं तर पहिला प्रश्न बॉनेटला काय झालं हाच विचारला असता.

“एकच गाल धुऊन कुणी लग्नाला जातं का, भाभी?”

म्हणून पुढच्या चाकांवरचे दोन्ही पत्रे झाले. मग दरवाजे म्हातारे दिसायला लागले. दरवाज्यांपायी छत. मालनबाई रिक्षानं घरी गेल्या, आणि तेवढ्यात भालचंद्रांचा फोन आला. ट्रेनिंग आज दुपारीच आटपलं, साहेबांची गाडी जालन्याकडं येऊन राह्यली, त्यात बसलो. संध्याकाळपर्यंत पोचतो. गाडी चालू केल्ती का? शरयूनं खरं तेच सांगितलं, की केली होती.

फोन ठेवला आणि लाइट गेली. मशीन कण्हत कण्हत थांबलं. डावी बाजू पूर्ण राहिली होती.

“आता हातानं,” अजमत म्हणाला, आणि एक स्पंज त्यानं तिच्याकडं नुसता टाकला. शरयूनं झेलला. तिनं मलम घेतलं आणि बोटं चपटी ठेवून, मनगट सैल सोडून, पितळेला फिरवायची तसा हात गोल फिरवायला लागली. अजमत थोडा वेळ बघत राहिला. ज्याला दुसऱ्याच्या हाताची तारीफ करायची सवय नाही अशा माणसानं म्हणावं तसं, जरा नाखुशीनं म्हणाला, “हात एक नंबर हाय, भाभी. फक्त माल गलत वापरला.”

मागच्या डाव्या दरवाज्यावर, अगदी खाली, भालचंद्रांनी हौसेनं चिकटवलेलं एक लांबट स्टिकर होतं: राजुरेश्वर प्रसन्न. देवाचं नाव इतकं खाली आणि असं तिरकं कशाला लावलं, असं तिनं तेव्हा विचारलं होतं. ते फडकं पिळायला निघून गेले होते. आता अजमत म्हणाला की याच्या कडेला मलम साचतंय, काढावं लागंल, माझ्याकडं दुसरं हाय. त्यानं गरम पाण्याचं फडकं दाबून धरलं आणि स्टिकर अलगद सोललं.

खाली एक लांबच लांब ओरखडा होता. तिरका. त्यात पिवळा रंग भरलेला.

दोघंही वाकून बघत राहिले. मग शरयूला एकेक आठवायला लागलं. भालचंद्रांच्या ऑफिसच्या गेटला पिवळे खांब आहेत. मध्यंतरी एक दिवस ते ऑफिसातून आले आणि न जेवता झोपले. तेव्हापासून गाडी डाव्या बाजूनं कंपाउंडच्या भिंतीला इतकी चिकटून लागते, की तिला ड्रायव्हरच्या बाजूनं शिरून, गिअरवरून साडी सावरत पलीकडं जावं लागतं. विचारलं तर म्हणाले, रस्ता मोकळा ऱ्हातो.

शरयू पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता पदर तोंडाला लावला.

“ठिवू का तसाच?” अजमतनं विचारलं. “सबूत म्हणून. लई कामाला येईल.”

मोह मोठा होता. हे एक स्टिकर सोललं की किल्ली जन्मभर तिची. पण तिला तो न जेवलेला माणूस आठवला, भिंतीकडं तोंड करून झोपलेला. बाजारातून स्टिकर आणून, कुणी बघत नाही असं बघून, ओरखड्यावर देव चिकटवणारा.

“घालवा,” ती म्हणाली. “अन् नवं स्टिकर तिथंच लावा. तसंच तिरकं.”

पिवळा रंग खांबाचा होता, तो निघाला. खालचा चरा दोघांनी मिळून घासला. अजमतच्या दुकानात सगळ्या देवांची आणि पिरांची स्टिकरं होती, कारण गाड्या सगळ्यांच्याच ओरखडतात. त्यानं राजुरेश्वर शोधला आणि जुन्या जागी, जुन्या कलानं, डोळा मिटून नेम धरून चिकटवला.

भालचंद्र आले तेव्हा गाडी कंपाउंडला चिकटून उभी होती. बॅग हातात तशीच धरून ते बघत राहिले. बॉनेटमध्ये त्यांचा स्वतःचा चेहरा होता, वर संध्याकाळचं आभाळ. “पुसली?” त्यांनी विचारलं. आवाज देवळात असतो तसा होता.

“पुसली,” शरयू म्हणाली.

सकाळी ती स्वयंपाकघराच्या खिडकीत चहा गाळत होती. भालचंद्र पिवळं फडकं घेऊन बाहेर आले. इकडंतिकडं बघून भिंत आणि गाडीच्या मध्ये कसेबसे शिरले. नखानं स्टिकरचा कोपरा उचलून पाहिला. मग बराच वेळ खाली बसून राहिले. उठले ते कोपरा अंगठ्यानं नीट दाबून.

आत येऊन म्हणाले, “राजूरला जाऊन येऊ. तू चालव.”

देवाला चमत्काराचं श्रेय जातंय, तर जाऊ दे, असं शरयूनं मनाशी म्हटलं. तिनं गाडी नेली, गिअर एकदाही अडला नाही. देवळासमोर गाडी उभी राहताच महाराज शेंदराची वाटी घेऊन बॉनेटकडं निघाले. शरयू आतूनच ‘नको, नको’ म्हणाली. पण ती काच खाली करेपर्यंत भालचंद्र उतरून मध्ये उभे राहिले होते.

“बॉनेटला नका लावू, महाराज. काचेवर काढा,” ते म्हणाले. “शेंदूर काढताना आमच्या मंडळींच्या हाताला लई जोर येतो.”

ते परत येऊन शेजारी बसले. शरयू समोर बघत होती. “अजमतभाई बोलले?”

“त्याला न बोलता ऱ्हावतं का? प्रत्येक स्टिकरच्या कडेला बारीक अक्षरात नाव अन् नंबर छापलाय त्यानं. सकाळीच फोन लावला.” मग म्हणाले, “तुझ्या हाताची तारीफ करत होता. म्हणे, मशीन फिकं पडलं.”

शरयूनं किल्ली काढून त्यांच्यासमोर धरली. भालचंद्रांनी ती घेतली नाही. ते पट्टा लावत होते.

“पिंपळगाव जवळच हाय इथून,” ते म्हणाले. “भावजयीला फोन नको करू. हॉर्न वाजव.”

शरयूनं आरसा नीट केला आणि गाडी हळूच मागं घेतली.

“डावीकडं खांब हाय,” भालचंद्र म्हणाले.

“मला दिसतोय,” शरयू म्हणाली.