माणसावर घसारा

वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी बाबांना नोकरी लागली आणि पहिल्याच आठवड्यात ते संपावर गेले. पण ते सोडा. असं काही घडलेलंच नाही, असं घरात एकमताने ठरलेलं आहे. आपणही तसंच धरून चालू.

घडलं ते एवढंच, की कराचे नियम बदलले. घरातून धंदा करणाऱ्याला सवलत हवी असेल, तर कामाची खोली फक्त कामाचीच हवी. तिथे कुणी झोपलं की सवलत बाद. आता बाबांचा मुलगा घड्याळजी. मागच्या खोलीत भिंतीवरची एकेचाळीस घड्याळं, एक टेबल, एक भिंग, आणि खिडकीखाली पलंगावर बाबा. सवलत गेली असती तर हा सगळा पसारा मोडून घड्याळजीला कुणाच्या तरी चकचकीत दुकानात सेल बदलत उभं राहावं लागलं असतं.

"मग मला बाहेरच्या खोलीत टाका," बाबा म्हणाले. "म्हाताऱ्याला काय, कुठेही चालतं."

दोन दिवस टाकून पाहिलं. टिकटिक नसली की बाबांना झोप येत नसे, आणि झोप आली नाही की ते घरातल्या प्रत्येकाला हलवून विचारत, "तुला लागली का रे?" तिसऱ्या दिवशी सुनेने आपल्या भावाला बोलावलं. हा भाऊ हौसेने सरकारी परिपत्रकं वाचायचा. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी तळटीप शोधायचा.

"सोपं आहे, भाऊजी," तो म्हणाला. "बाबा झोपतात असं म्हणायचंच नाही. ते आडवे पडून घड्याळांचे ठोके ऐकतात. बाहेरून नेमलेले स्वतंत्र कंत्राटदार."

"डोळे मिटून?"

"एकाग्रता."

"आणि दादा, घोरतात ते?" सुनेने विचारलं.

"फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. रकाना नाही ती गोष्ट घडत नाही."

फॉर्म गेला आणि आठवड्याभरात कर कार्यालयातल्या बाई स्वतः आल्या. "दहा म्हणजे बरोबर दहाला आले," दारातच त्या म्हणाल्या. खोलीतल्या एकेचाळीस घड्याळांपैकी एकानेही त्यांना दुजोरा दिला नाही. सगळीच दुरुस्तीला आलेली.

बाबा पलंगावर आडवे होते. डोळे मिटूनच म्हणाले, "बाई, तुमच्या हातातलं घड्याळ लंगडतंय. एक ठोका लांब, एक आखूड. सात-आठ मिनिटं तरी मागे असणार."

घड्याळजीने ते उघडून पाहिलं. सात मिनिटं मागे होतं. बाई खुर्चीत बसल्या. "सहा महिने ऑफिसात माझ्या नावापुढे उशिराचा लाल शेरा पडतोय," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांना आपलं पद आठवलं आणि त्यांनी वही उघडली.

"कामाची वेळ कोण ठरवतं, आजोबा?"

"सूनबाई. नऊला चहा देते आणि म्हणते, आता पडा."

"काम कसं करायचं, हे कोण सांगतं?"

"तीच. कुशीवर वळा म्हणते."

"साधनं कुणाची?"

"पलंग मुलाचा. कानातलं यंत्रही त्यानेच आणलं."

"आणखी कुणासाठी काम करता?"

"धाकट्याकडे गेलो होतो चार दिवस. त्यांनी परत पाठवलं."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "हे स्वतंत्र कंत्राटदार नाहीत. हे तुमचे कर्मचारी आहेत. आठवड्याची सुट्टी द्यावी लागेल. संध्याकाळी सहाला खोलीला कुलूप. त्यानंतर कर्मचाऱ्याने आत राहायचं नाही. सवलत मंजूर. टेबल आणि भिंग दरवर्षी झिजतं, त्याची वेगळी सूट मिळेल. घसारा म्हणतात त्याला."

"आणि मी झिजतो त्याचं?" बाबांनी विचारलं.

"माणसावर घसारा मिळत नाही, आजोबा."

बाई गेल्यावर घरात सगळे खूश झाले. हे साधारण सहापर्यंत टिकलं. सहाला कुलूप लागलं, बाबा बाहेर आले, आणि पुन्हा "तुला लागली का रे?" सुरू झालं.

"बाबा, जा ना आत. कोण बघतंय?" घड्याळजी काकुळतीला आला.

"असं कसं? मी नोकरदार माणूस आहे."

नोकरी बाबांच्या अंगात भिनली होती. सुनेने दुधाची पिशवी आत घ्यायला सांगितली, तर म्हणाले, "ते माझ्या कामात बसत नाही." सुट्टीच्या दिवशी तर हाक मारली तरी ओ देईनात. शेवटी त्यांनी रात्रपाळीची मागणी केली, आणि ती मान्य होईना म्हणून संप पुकारला. संप आणि काम यांत बघणाऱ्याला काही फरक दिसत नव्हता. बाबा नऊला पलंगावर आडवे होत, डोळे मिटत. फक्त कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवत.

संपाच्या चार दिवसांत चार घड्याळं दुरुस्त होऊन घरोघरी गेली आणि चारही परत आली. एक तर पाचाला बारा ठोके देत होतं. घड्याळजी बराच वेळ त्या चार घड्याळांकडे बघत बसला. इतकी वर्षं 'बाबा, हे बरोबर चाललंय ना?' असं आपण उगाच, म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून विचारतो, अशी त्याची समजूत होती.

त्याने यंत्र उचललं, फुंकर मारून पुसलं आणि स्वतःच्या हाताने बाबांच्या कानात बसवलं. "काय पाहिजे ते सांगा, बाबा."

"लेखी पाहिजे," बाबा म्हणाले.

मेव्हण्याने लगेच कागद काढला.

"मा. कर अधिकारी यांस, सविनय अर्ज. अर्जदारास तहहयात रात्रपाळी मंजूर व्हावी. पलंगास कामाचे साधन म्हणून मान्यता मिळावी. घोरण्यासाठी फॉर्ममध्ये स्वतंत्र रकाना उघडण्यात यावा. पलंग व अर्जदार हे दोघेही एकाच वेगाने झिजत असल्याने दोघांवर सारख्याच दराने घसारा देण्यात यावा, ही नम्र विनंती.

सोबत : पलंगाचे छायाचित्र. त्यात अर्जदार कामावर आहेत."