आधी पडा

लातुरात गादी घ्यायला गेलं की दुकानदार आधी बसा म्हणतो, चहा विचारतो, मग भाव सांगतो. आमच्या गल्लीतली खैरून आपा गिऱ्हाइकाला पाडते.

तिच्या दुकानाच्या दारात कापसाची एक जाडजूड गादी कायम अंथरलेली असते. गिऱ्हाईक आलं की आपा कमरेवर हात ठेवून उभी राहते.

"गादीकडं पाठ करा. हात सोडा. आता पडा."

"अहो, पण केवढ्याला दिली?"

"आधी पडा, मग बोला."

पोरांना क्लाससाठी आणून सोडणारे आईबाप मुखेड-उमरीच्या एसटीतून उतरतात, खोली बघतात, मेस बघतात आणि गादीसाठी आपाकडे येतात. पोराने डॉक्टर व्हावं एवढीच त्यांची इच्छा असते. त्याने भर रस्त्यात उताणं पडावं अशी काही नसते. पण आपाचा कायदा म्हणजे कायदा. ज्याला झोपायचं त्यानेच पडायचं. नायगावचा एक पुढारी पोराला घेऊन आला होता. कडक इस्त्रीचे कपडे. "पोरगं कशाला, माझा ड्रायव्हर पडंल की," असं तो म्हणाला. "मग डायवरलाच डाक्टर करा," असं म्हणून आपाने गादी गुंडाळायला घेतली. शेवटी पोरगं पडलं, आणि त्याला ते इतकं आवडलं की उठेचना.

पुढे समोरच फोमच्या गाद्यांचं चकचकीत दुकान झालं. तिथे न पडता गादी मिळते. आपाची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे गेली. मी शेजारधर्म म्हणून सांगून पाहिलं, "आपा, तेवढा नियम सोडा. धंदा बसेल."

"बसू द्या," ती म्हणाली. "पडून बघितल्याबिगर माझी गादी कुनाच्या घरी जायची न्हाई."

मी निवृत्त मास्तर, विषय गणित. बायको गेल्यापासून घरात मी आणि टीव्ही असे दोघेच राहतो. पाठ दुखते, गादी जुनी झाली आहे, आणि गादीवाली शेजारी. तरी मी नवी घेत नव्हतो. जन्मभर ज्या पोरांना वर्गात उभं केलं, त्यांच्यासमोर उताणं पडायचं म्हणजे फारच झालं. "मास्तर, तुमची गादी कधीची बाकी हाय," आपा अधूनमधून आठवण करून द्यायची आणि मी पाठ चोळत घरात जायचो.

तिचं दुसरं वेड मात्र माझ्याच घरात लागलं. एकदा ती वाटी परत द्यायला आली तेव्हा टीव्हीवर जागतिक मैदानी स्पर्धा चालू होत्या. एक पोरगी लांबलचक काठी घेऊन धावली, काठीच्या जोरावर उंच आडव्या दांडीवरून गेली आणि पलीकडच्या भल्यामोठ्या गादीवर येऊन पडली. आपा वाटी हातात धरून उंबऱ्यातच बसली.

भूकंपात किल्लारीकडचं तिचं गाव गेलं, तेव्हापासून ती स्लॅबखाली जात नाही. दुकान पत्र्याचं, झोपणं अंगणात. माझ्याकडे आली तरी उंबऱ्यावर, पाय बाहेर आणि मान आत. तिच्या घरातलं कोण गेलं हे तिने कधी सांगितलं नव्हतं. लातुरात ते आपण होऊन कुणी विचारतही नाही. मी फक्त टीव्ही दाराकडे वळवून ठेवला.

तेव्हापासून बायकांची काठीची उडी असली की आपाचं दुकान बंद. या खेळात कोण नीट पडतं त्यावर निकाल लागतो, अशी तिची पक्की समजूत होती. ती आडवी दांडी न पाडता ओलांडायची असते, हे मी कागदावर आकृती काढून सांगितलं.

"हाव," ती म्हणाली. "पन ती दांडी मधी ठेवलीच कशाला? पोरीस्नी लागंल की."

विजेती झेंडा घेऊन पळायची आणि आपा नाक मुरडायची. "ही अंग चोरून पडती." तिचं सोनं एका वेणीवालीला. देश कुठला ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. ती बिचारी दांडी पाडायचीच, पण हातपाय सैल सोडून अशी पडायची की आपा सुस्कारा टाकायची. "गादी फोमची हाय," ती वर म्हणायची, "पन असू दे. अल्ला टाकनाऱ्यांचं भलं करो." समोरच्या दुकानाला हा आशीर्वाद कधी मिळाला नाही.

यंदाची स्पर्धा दुपारी दाखवत होते. वेणीवालीची शेवटची संधी होती. ती काठी घेऊन धावली आणि उडी न घेता मध्येच थांबली. परत मागे गेली. पुन्हा उभी राहिली. ओठ सुकलेले, नजर वर.

"का थांबली?" आपाने विचारलं.

"घाबरली असेल. वेळ संपत आलीय. आता नाही उडी मारली तर बाद."

आपा उठली. उंबरा ओलांडून थेट आत आली आणि टीव्हीच्या काचेला तिने हात लावला.

"कूद मा, कूद. डर नक्को. नीचे गादी है. बिछाई मैं."

वेणीवाली धावली, वर गेली, दांडी छातीने पाडून दांडीसकट गादीवर आली. तोंड झाकून पडून राहिली.

"गेली. बाद," मी म्हणालो.

"उठली का?"

"उठली."

आपा तिथेच फरशीवर बसली.

"माझी शबाना माळवदावर निजली होती," ती टीव्हीकडेच बघत म्हणाली. "जिना पडला. ती वर काठाला उभी, मी खाली बोळात. खाली नुसती दगडं. म्हनलं, उडी मार. ती म्हनली, अम्मी, खाली गादी टाक, मग मारते. गाद्याचाच धंदा आमचा, मास्तर. बोळाच्या तोंडाला दुकान. गादी डोक्यावर घेऊन पळत आले. तवर पुन्हा हाललं."

तिचा हात डोक्याकडे गेला.

"गादी डोक्यावरच राहिली."

इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो आणि मी तिला आकृती काढून दांडी समजावत होतो. आपाने वर बघितलं. डोक्यावर स्लॅब आहे हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. ती हळूच उठून उंबऱ्यावर गेली, पाय बाहेर सोडले.

"आता कुनाची पाळी?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या दुकानापुढे जाऊन गादीकडे पाठ करून उभा राहिलो. क्लासची पोरं सायकली थांबवून बघायला लागली. फोमवाला बाहेर आला. मागे न बघता पडायचं म्हणजे या वयात खरोखर भीती वाटते.

"आपा, गादी आहे ना खाली?" माझ्या तोंडून निघून गेलं, आणि मग जीभ चावली.

मागे ती गुडघ्यावर बसल्याचं ऐकू आलं. दोन्ही हातांनी गादी दाबल्याचंही.

"हाय, मास्तर. मी धरून हाय. पडा."

मी हात सोडले.