भास्कररावांच्या चार ढोल्या

बाळांनो, मोबाइल खाली ठेवा आणि ऐका. एका जंगलात, जिथल्या झाडांना अजून सर्व्हे नंबर पडले नव्हते, भास्करराव नावाचे एक धनेश पक्षी राहत होते. चोच भली मोठी, स्वभाव भोळा. त्यांच्या बायकोचं नाव कुमुद.

धनेशांची एक रीत असते. अंडी घालायची वेळ आली की बायको झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखलाने दार लिंपून घेते. फक्त चोचीपुरती फट ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत नवऱ्याने त्या फटीतून खाऊ घालायचं.

कुमुद बेहड्याच्या ढोलीत शिरली. आतून म्हणाली, "अहो, दिवसाला चाळीस उंबरं लागतील. विसरू नका हं."

"विसरेन कसा?" भास्करराव म्हणाले.

तिसऱ्या दिवशी त्यांना भारद्वाज भेटला. भारद्वाज दिसला की दिवस शुभ जातो, असं सगळे म्हणतात. म्हणून तर तो दलालीत उतरला होता.

"एकच ढोली?" भारद्वाज हळहळला. "भास्करराव, जुनी झाडं कमी होत चाललीत. पुढच्या उन्हाळ्यात भाव दुप्पट होणार. अर्जुनाची घेऊन टाका. वीस उंबरं इसार, मग रोज पाचांचा हप्ता."

अर्जुनाच्या ढोलीत एक घोरपड राहत होती. "जाईल हो ती," भारद्वाज म्हणाला. भास्कररावांनी ढोली घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जांभळाची घेतली, कारण ती पूर्वाभिमुख होती. संध्याकाळी सावरीची घेतली. सावर अजून उगवायची होती. भारद्वाजाने मोकळ्या जागेत उभं राहून पंखाने हवेत एक गोल काढला. "ही तुमची ढोली. इथून नदी दिसेल."

भास्कररावांनी टाचा उंचावून पाहिलं. त्यांना दिसली.

मग सुरू झाली धावपळ. सकाळी अर्जुनावर जाऊन घोरपडीशी भांडायचं, दुपारी जांभळाचा हप्ता, उन्हं उतरताना सावर उगवली का ते बघायचं. उरलेली उंबरं घरी.

"अहो, आज अकराच?" फटीतून आवाज आला.

"थोडी कळ काढ. आपल्या चार ढोल्या झाल्यात."

"मी एकीतच मावते."

"अगं, ही गुंतवणूक आहे."

आतून नुकत्याच फुटलेल्या अंड्यांतली दोन पिल्लं तेवढी चिवचिवली.

हप्ते थकले तेव्हा भारद्वाज म्हणाला, "एक विका. बाकीच्यांचं भागेल." गिऱ्हाईकही त्यानेच आणलं : शालिग्राम नावाचा पोपट. भास्कररावांना अर्जुनाची ढोली विकायची होती. पण डोक्यात चार झाडं आणि एक घोरपड. बोलता बोलता त्यांच्या तोंडून बेहडा निघून गेला. सालीच्या तुकड्यावर त्यांनी नखही उठवलं.

पोपट दुसऱ्याच दिवशी कणसं घेऊन राहायला आला. त्याच्या बायकोने, मंजुळाने, फटीला डोळा लावला. आतून हातभर चोच बाहेर आली.

"अहो, आत कुणीतरी आहे!" मंजुळा किंचाळली.

तेवढ्यात भास्करराव तीन उंबरं घेऊन पोचले. शालिग्रामने साल पुढे धरली. भास्कररावांनी ती वाचली आणि चोचीतली उंबरं खाली पडली.

"तुम्ही अर्जुनाची घ्या ना," ते काकुळतीला आले.

"तिथे घोरपड आहे."

"मग जांभळाची?"

"ती भारद्वाजाने आणखी तिघांना विकलीय."

"सावरीची?"

"कुठे आहे?" मंजुळाने विचारलं. भास्कररावांनी पंखाने हवेत गोल काढला.

भारद्वाजाला शोधलं, तर तो शेजारच्या जंगलात शुभ दर्शन द्यायला गेला होता.

शेवटी आतून कुमुद बोलली. "मंजुळाताई, कागद तुमचा, पण ताबा माझा. पिल्लं उडाली की ढोली तुमची. तोवर तुम्हा दोघांच्याही उंबरांचं हे बघतील." मग आवाज जरा बदलला. "आणि अहो, आधी पिल्लांना भरवा. धाकट्याला कालपासून उभं राहवत नाही."

भास्कररावांना भडभडून आलं. त्यांनी तिन्ही व्यवहार सोडले. इसार बुडाला. पण त्या दिवसापासून एक उंबराचं झाड आणि एक बेहडा, एवढंच त्यांना लक्षात ठेवायचं होतं. धाकटा आठवडाभरात उभा राहिला.

दोन महिन्यांनी कुमुदने भिंत फोडली. पिल्लं उडाली. तोपर्यंत शालिग्रामने ढोलीत पाऊलही न टाकता ती दुप्पट भावाने साळुंक्यांना विकली होती. हे कळल्यावर भास्करराव दोन दिवस जेवले नाहीत.

"बाबा, आता आपण कुठे राहायचं?" धाकट्याने विचारलं.

"फांदीवर. धनेश वर्षभर फांदीवरच राहतात रे. ढोली काय, तीन-चार महिने लागते."

"मग चार कशाला घेतल्या होत्या?"

भास्कररावांनी कुमुदकडे पाहिलं. कुमुद उठून पलीकडच्या फांदीवर जाऊन बसली.

तात्पर्य : मुलांनो, एका वेळी चार घरांत खुशाल गुंतवणूक करा. फक्त त्यातल्या एकाचं दार बायकोला आतून लिंपून घ्यायला सांगा. म्हणजे तुम्ही ते विकलंत, तरी ते रिकामं होत नाही.