गफूरमियाँचा दुसरा माल

ज्या दुकानाचे पेढे नावाजलेले, त्या दुकानातून गफूरमियाँ चिवडा घेत. ज्याचा चिवडा खायला लोक लांबून येत, त्याच्याकडून पेढे. एका चांभाराच्या वहाणा उस्मानाबादेत फार गाजल्या होत्या, तर गफूरमियाँनी त्याच्याकडून कचेरीत न्यायची कातडी पिशवी शिवून घेतली. ती पिशवी चालताना वहाणेसारखी कर्रकर्र वाजायची. साहेबांना त्यांच्या येण्याची वर्दी आधी पिशवीच देत असे.

आमची घरं समोरासमोर. मी शाळेत गणिताचा मास्तर, ते मोजणीच्या कचेरीत कारकून. एकदा मी त्यांना या खरेदीबद्दल छेडलंच. त्यांनी कानातला अत्तराचा फाया चाचपला आणि म्हणाले, "मास्तर, ज्या मालाचं नाव झालं, त्याच्यावरनं मालकाचं ध्यान उडालं. त्यो डोळं झाकून इकतो. दुसऱ्या मालाची त्याला लई फिकीर असती. इज्जतीचा सवाल व्हय! वरील कारणास्तव दुसरा माल घ्यावा."

हे 'वरील कारणास्तव' कुठून आलं, ते सांगायला हवं. निजामाच्या अमदानीत त्यांची सगळी नोकरी उर्दूत झालेली. त्यांच्या उर्दू अक्षराचं कौतुक पार हैदराबादपर्यंत होतं म्हणे. मग राज्य बदललं, कचेरीची भाषा बदलली, आणि चाळिशी ओलांडलेल्या गफूरमियाँनी मराठी कागद लिहायला शिकायचं ठरवलं. बाजारातली मराठी त्यांना येतच होती. कचेरीतली ते जुन्या फायलींवरून शिकले, आणि दोन्ही एकत्र करून बोलू लागले. "भाभी, सदरहू चहा लई गोड झालाय," असं ते माझ्या बायकोला सांगत. उर्दू गेल्याचं दुःख होतं का, असं विचारलं तर हसत. "उर्दू आमचा मशहूर माल. ती बेफिकिरीनं बोलायचो. मराठी कशी, जपून बोलतो."

हे तत्त्व अंगाशीही यायचं. थोरल्या मुलीच्या, नसीमच्या लग्नात त्यांनी बिर्याणीचं काम दिलं ते मिठाईसाठी प्रसिद्ध असलेल्या बावर्चीला. त्या भल्या माणसानं सवयीनं तिच्यात सढळ हातानं साखर टाकली. लातूरकडचे वऱ्हाडी पहिला घास घेऊन एकमेकांच्या तोंडाकडं पाहत राहिले. गफूरमियाँ मात्र पंगतीतून छाती पुढं काढून फिरत होते. "घ्या, घ्या! अशी बिर्याणी दुसरीकडं भेटायची न्हाय!" ते खरंच होतं.

नसीमचा गळा फार गोड. गल्लीत लग्न असो, बारसं असो, बायका तिला बोलवायला येत. धाकटी जुबेदा तिच्या मागं मागं जायची, गाण्यात ताल धरायची आणि परत यायची. तिला कुणी नावानं ओळखत नव्हतं. ती 'नसीमची बहीण' होती. आमच्या घरातसुद्धा, खोटं कशाला सांगू, आम्ही तसंच म्हणत होतो.

नसीम सासरी गेली आणि बोलावणी बंद झाली. जुबेदा तेव्हा अठराएक वर्षांची असेल. दिवसभर स्वतःला कामाला जुंपून घ्यायची आणि संध्याकाळी उंबऱ्यावर गप्प बसायची. काही विचारलं तर मान हलवायची, तेवढंच. तिची आई, आमच्या भाभीजान, म्हणाल्या, बहीण गेली म्हणून करमत नसेल. गफूरमियाँची पिशवी मात्र कचेरीतून लवकर वाजत यायला लागली.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात बॅटरीवरचा रेडिओ होता. त्यावर मधूनमधून गिटार लागायची. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी फिरवून वाजवतात ती. गफूरमियाँनी पाहिलं की गिटार सुरू झाली की जुबेदा भरलेली कळशी कमरेवर घेऊन रस्त्यातच थांबते, आणि संपल्याशिवाय हलत नाही.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडं आले. "मास्तर, सोलापूरला चलायचं. गिटार पसंत करायची हाय."

"मला गिटारीतलं काय कळतं? मी भजनात पेटी वाजवतो, तीही बेताची."

"तेच तर! तुमचं नाव गणितात. म्हंजे सुराकडं तुमी जास्त ध्यान देत असणार. वरील कारणास्तव तुमीच चला."

माझी बायको आत तोंडाला पदर लावून हसत होती.

सोलापूरच्या वाद्यांच्या दुकानात आम्ही तिघं शिरलो. जुबेदा वडिलांच्या पाठीमागं. दुकानदार मोठा बोलका होता. त्यानं लगेच एका कंपनीची विजेवरची गिटार काढली. तांबडी, चकचकीत, जोडीला आवाजाची पेटी. "मुंबईच्या ऑर्केस्ट्रात हीच. विजेच्या गिटारीत या कंपनीचा हात कुणी धरणार नाही."

"नक्की?" गफूरमियाँनी डोळे बारीक केले.

"शंभर टक्के! हिच्यावरच कंपनीचं नाव आहे."

"मग ही नको. याच कंपनीची बिनविजेची दाखवा."

दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याची सुटका करावी म्हणून म्हणालो, "आमच्या गल्लीत खांब आलेत, तारा यायच्यात."

"तारा आल्या असत्या तरीबी हीच घेतली असती," गफूरमियाँनी माझी सारवासारव उडवून लावली.

दुकानदारानं माळ्यावर चढून दोन साध्या लाकडी गिटारी खाली काढल्या. त्यांच्यावर बोटभर धूळ. "या कंपनीची साधी गिटार कुणी मागतच नाही हो."

"कुणी मागत न्हाय?" गफूरमियाँचे डोळे चमकले. त्यांनी खांद्यावरच्या रुमालानं दोन्ही गिटारी स्वतः पुसल्या. मग एक उचलली, कानाशी धरली आणि तेर गावच्या बाजारात माठ वाजवून घेतात तशी बोटाच्या पेरानं पाठीवर टकटक केली. दुसरीलाही तसंच केलं. मध्येच माझ्याकडं वळून विचारलं, "कच्ची की भाजलेली?"

"अहो, गिटार आहे ती!"

"म्हणून काय झालं? पोकळ चीज हाय. पोकळ चीज वाजवूनच घ्यावी."

मी तारा ताणून सूर लावून पाहिले. एक गिटार दिसायला देखणी, पण आवाज दबका. दुसरीच्या अंगावर एक ओरखडा होता, आवाज मात्र भरलेला आणि लांबणारा. माझं मत मी सांगितलं. दुकानदारानं देखणीची बाजू घेतली. गफूरमियाँ दोघांचं ऐकून मागं वळले.

"बेटा, तू सांग."

जुबेदानं मान खाली घातली. "अब्बा, तुम्ही म्हणाल ती."

"मी माठ वाजिवला. मला गाणं कुठं येतं? सदरहू गिटार तुझी हाय. पसंत तू करायची."

दुकानात गिऱ्हाइकं होती, दुकानदाराला घाई होती, आमची एस.टी. सुटायची वेळ होत आली होती. गफूरमियाँ मात्र स्टुलावर मांडी ठोकून बसले. मुलीनं तोंड उघडल्याशिवाय ते उठणार नव्हते. मला तेव्हा कळलं की हा माणूस सोलापूरला गिटार घ्यायला आलाच नव्हता.

शेवटी जुबेदानं हात पुढं केला. ओरखडावालीची एक तार छेडली, ती विरेपर्यंत थांबली, मग पुन्हा छेडली. "ही," ती म्हणाली. आणि थोड्या मोठ्यानं, "मला हीच पायजे."

परतीच्या गाडीत गिटारीला खिडकीची जागा मिळाली आणि मला उभं राहावं लागलं.

मग रोज संध्याकाळी मी पेटीवर सूर धरायचा आणि जुबेदानं तो तारेवर कांडी सरकवत शोधायचा, असा क्रम सुरू झाला. पहिले काही महिने गल्लीनं सोसले. मांजर अडकलंय का म्हणून शेजारचा एक जण शिडी घेऊन आला होता. पण पोरीचा कान तिखट. वर्ष संपायच्या आत माझ्याजवळचं सगळं शिकवून झालं, आणि पुढचं ती रेडिओवरून उचलू लागली. लोक उभे राहून ऐकू लागले. बायका बारशाला बोलवायला आल्या, तर "जुबेदाऽ, गिटार घिऊन ये गं" म्हणू लागल्या. गल्लीत विजेच्या तारा आल्या, तरी गिटार तीच राहिली.

ईदेला नसीम माहेरी आली. संध्याकाळी त्यांच्या अंगणात सगळी गल्ली जमली. शीरखुर्म्याच्या वाट्या फिरत होत्या, जुबेदा वाजवत होती. गफूरमियाँ माझ्याशेजारी ओट्यावर बसून मान डोलवत होते. गल्लीत नव्यानंच राहायला आलेल्या एका बाईनं भिंतीशी बसलेल्या नसीमकडं पाहून हळूच विचारलं, "ही कोण वो?"

माझी बायको सहज म्हणाली, "ही व्हय? जुबेदाची बहीण."

गफूरमियाँची मान डोलायची थांबली. त्यांनी माझा हात इतका घट्ट दाबला की मनगट दुखलं. डोळे भरून आले होते आणि ते पुसायची त्यांना शुद्ध नव्हती. एवढं एक वाक्य ऐकण्यासाठी हा माणूस किती दिवस कान लावून बसला होता! मलाही भरून आलं.

पण लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते नसीमकडं पाहत होते. ती हसून बहिणीला दाद देत होती, पण रिकामी वाटी तशीच हातात धरून बसली होती.

गफूरमियाँ लगबगीनं उठले, घरात गेले, आणि शीरखुर्म्याची भरलेली वाटी घेऊन बाहेर आले. ती त्यांनी नसीमच्या हातात दिली, तिच्याशेजारी जमिनीवर मांडी घातली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, लई दिवस झाले. आता तू गा."