बर्डीची पलीकडची बाजू

रस्ता ओलांडणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे. तो बजावता यावा म्हणून अधूनमधून जगभर साथ यावी लागते, एवढेच.

नागपुरात धंतोलीच्या यमुताईंना त्यांचे यजमान मुकुंदराव असेपर्यंत कोपर धरून बर्डीच्या बाजाराचा रस्ता पार करून देत. ते गेल्यापासून पलीकडची बाजू त्यांनी अलीकडूनच पाहिली होती. टाळेबंदी लागली आणि यमुताईंच्या पायांना वाचा फुटली.

बाहेर पडायला सबळ कारण लागे. ते त्यांच्या गल्लीत सामाईक होते: सांबाराची एक जुडी (पुण्याकडे हिला कोथिंबीर म्हणतात). पिशवीत न्यावी, पोलिसाला दाखवावी, परतल्यावर शेजारी द्यावी. जुडीचा आता झाडू झाला होता, पण नियमात ताजेपणाची अट नव्हती.

चौकात चिटपाखरू नव्हते. झेब्रा पट्ट्यांवर एक कुत्रा झोपला होता. (पट्ट्यांचा हा पहिलाच नोंदलेला उपयोग.) दिवा लाल होता, म्हणून यमुताई थांबल्या. मुकुंदरावांची शिस्त.

हवालदार धर्मेंद्र खुर्चीवरून उठला.

"आजी, काहून थांबल्या जी?"

"लाल दिवा आहे."

"मंग बाहेरगावच्या दिसून राहिल्या तुमी."

तर्क बिनचूक होता. बाहेरगावचा माणूस म्हणजे सरळ विलगीकरण. यमुताईंनी घाईने जुडी काढली.

"हे सकाळपासून चौथ्यांदा पाहून राहिलो मी," धर्मेंद्र म्हणाला. "चला, वापस फिरा."

"काहून गा? टांगे होते तेव्हापासून आहे मी इथं. तेव्हाही आधी घोडाच जायचा."

"नागपूरच्या असान, तर लाल असतानाच जाऊन दाखवा."

यमुताईंनी पदर खोचला. कायद्याच्या देखरेखीखाली, कुत्र्याला वळसा घालून, त्यांनी लाल दिवा तोडला. कोपर कोणी धरले नव्हते. पलीकडच्या फुटपाथवर पाय टेकवला, पुन्हा खाली उतरून पुन्हा टेकवला. मग त्या रस्त्याच्या मधोमध चालल्या. पुढे थोड्या नागमोडी चालल्या, कारण जागा होती.

पुढे साथ गेली, शहर निरोगी झाले. यमुताई आता ताजी जुडी घेऊन त्याच चौकात, अलीकडच्या बाजूला उभ्या असतात. परवा त्यांचा दिवा हिरवा होता, म्हणून त्यांनी एक पाऊल टाकले, आणि तुम्ही हॉर्न दाबत पुढून निघून गेलात.

त्या रागावल्या नाहीत. पाऊल मागे घेऊन म्हणाल्या, "नागपूरचाच आहे."