मास्तरांनी भिजवलेली दोरी

मास्तरांनी ठरवलं ते एवढंच, की बायकोच्या धनुष्याची दोरी बदलायची. ती घरी नसताना, गुपचूप.

मास्तर म्हणजे शिंपी. कोपऱ्यावर दुकान, गळ्यात टेप. (ती टेप अंघोळीपुरतीच उतरते आणि तेव्हाही साबणाच्या शेजारीच असते.) दुकान उघडलं त्या दिवशीची ती टेप, आणि तिच्यावर त्यांचा बायकोपेक्षा थोडा जास्तच विश्वास. टेपने अंगाचं माप घ्यायचं आणि टेबलावरच्या लोखंडी पट्टीने कापड आखायचं, ही त्यांची पद्धत. कपडा घट्ट झाला म्हणून कोणी कुरकुरलं, की मास्तर चष्म्यावरून बघत हळूच म्हणत, "जरा सुटलात. सकाळी फिरायला जात जा." गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या सल्ल्याने पहाटे धावत होती.

बायको शाळेच्या कचेरीत होती. मागे तिचाही कोट घट्ट झाला, तिलाही हेच ऐकावं लागलं, आणि ती रागारागाने तिरंदाजीच्या क्लबात दाखल झाली. आता ती इतकी बरी खेळत होती की रविवारी होणाऱ्या संघाच्या निवडीत उरलेल्या एकुलत्या एका जागेवर तिचा डोळा होता.

धनुष्याचं माप काढायचा मान मात्र मास्तरांचा. मुठीपासून दोरी किती अंतरावर आहे ते मोजायचं. ते अंतर बदललं की बाण भरकटतात.

जुन्या दोरीचे तंतू निघू लागले होते. "निवड होऊ दे, मग बदलू," बायको म्हणाली होती. पण सुटलेला धागा दिसला की मास्तरांना जेवण गोड लागत नाही. त्यांनी क्लबातून नवी दोरी आणली आणि शिंपी जे करेल तेच केलं. नवं कापड आधी भिजवायचं, आटू द्यायचं, मगच कात्री लावायची. दोरी बादलीत गेली, मग चिमटा लावून वाळत गेली. इस्त्रीचा मोह त्यांनी मोठ्या संयमाने आवरला.

संध्याकाळी बायकोने धनुष्य उचललं. "अहो, ही कुठली दोरी?"

"नवी. मापात बसवलीय. आणि भिजवून घेतलीय, म्हणजे आटायची भीती नाही."

"अहो, दोरी आहे ती. पँट नव्हे."

"तू फक्त नेम धर. मापाचं माझ्याकडे."

शनिवारी सरावाचे पहिले बाण थेट मधल्या पिवळ्या गोलात गेले. मास्तर बाकावर असे रेलले, जणू नेम त्यांनीच धरला होता. मग एक बाण खाली गेला. पुढचा डावीकडे. त्यापुढच्या वेळी दोरी सटकन तिच्या हातावर बसली.

"मोजा," बायको हात चोळत म्हणाली.

मास्तरांनी मोजलं. पुन्हा मोजलं. "दोरी मुठीच्या जवळ आलीय."

"का?"

मास्तरांनी विचार केला. "धनुष्य आटलं असावं."

पलीकडून क्लबच्या ताई आल्या. गावातल्या सगळ्या तिरंदाजांना त्याच शिकवत. "मास्तर, धनुष्य आटत नाही. नवी दोरी लांबते. बाण सोडत गेलं की ताणत जाते, आणि बाण अडकवायची जागाही सरकते. म्हणून तर निवडीच्या तोंडावर कोणी दोरी बदलत नाही."

"मी काही बदलली नाही हो," बायको म्हणाली. "ही प्रेमाची भेट आहे."

"लांबते?" मास्तर अजून तिथेच होते. "ताई, माझ्या उभ्या आयुष्यात नवीन काही लांबलेलं मी पाहिलेलं नाही."

"मग आज बघा. दोरी काढा, पीळ द्या, म्हणजे आखूड होईल. बाण मारा, मोजा, परत पीळ द्या. थांबेल कधीतरी."

दुपारभर हेच चाललं. बायको बाण मारी, मास्तर पीळ देत. तिचा हात लाल झाला, त्यांची बोटं सोलवटली. बोलणं फारसं झालं नाही, आणि झालं ते मास्तरांच्या विरोधात झालं. उन्हं उतरली तेव्हा कुठे माप जागच्या जागी राहू लागलं. मास्तरांनी बाणाच्या जागेवर लाल धागा असा सुबक गुंडाळला की ताईसुद्धा बघत राहिल्या.

रविवारी दोरी हलली नाही. बायकोही हलली नाही. जागा तिला मिळाली.

मास्तर गर्दीत सांगत फिरत होते, "सगळा मापाचा खेळ आहे." तेवढ्यात संघाच्या नोंदीसाठी ताईंनी लोखंडी पट्टीने धनुष्य मोजलं. "मास्तर, तुमचा आकडा कमी येतोय. टेप बघू."

त्यांनी टेप पट्टीशेजारी अंथरली. टेपवरचे आकडे एकेक करत पट्टीच्या पुढे सरकत गेले. पट्टी संपली, टेपवरचा तोच आकडा अजून बोटभर लांब होता.

"ताणलीय ही," ताई म्हणाल्या. "खूप वर्षांची दिसते."

मास्तरांनी टेप उचलून पुन्हा गळ्यात घातली. बायको मात्र विचार करत होती, आणि ते मास्तरांना मुळीच आवडलं नाही.

"अहो, अंगाचं माप हिनेच घेता ना?"

"हो."

"हिच्यावर ते कमी येतं. आणि कापड मग पट्टीने आखता."

"हो," मास्तर अगदी बारीक आवाजात म्हणाले.

"म्हणजे मी सुटले नव्हते."

मास्तरांना गल्लीतली पहाटे धावणारी सगळी माणसं एका रांगेत दिसली, दुकानाच्या दिशेने येताना.

बायकोने त्यांच्या गळ्यातली टेप शांतपणे काढून घेतली आणि आपल्या पिशवीत टाकली.

"काय करतेस तिचं?"

"घरी जाऊन बादलीत भिजत घालते," ती म्हणाली. "आटली तर आटली."