एका गोलाचे चौदाशे बारा मालक

जी वस्तू सगळ्यांच्या मालकीची असते तिची काळजी सगळेच घेतात, हे तत्त्व बागेतल्या बाकापासून रस्त्यावरच्या नळापर्यंत सर्वत्र सिद्ध झालेलं आहे. (शंका असेल त्याने तो बाक पाहून यावा. अजून कुणी नेला नसेल तर दिसेल.) याच तत्त्वावर गावचा फुटबॉल क्लब साठ वर्षं उभा आहे. क्लबला कोणी एक मालक नाही. चौदाशे बारा सभासद हेच मालक, आणि मैदानावरचे अकरा सोडले तर फुटबॉल सगळ्यांना कळतो.

साठ वर्षांत क्लबने करंडक जिंकला एकदाच, चाळीस वर्षांपूर्वी, एका गोलने. तो गोल प्लंबरने मारला. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला, डाव्या पायाने. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्यानंतर आयुष्यात त्याने हजारो नळ बसवले, पण त्यांपैकी एकालाही कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

म्हणून क्लबचा इतिहास छापायचं ठरलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद प्लंबरला झाला. त्याची नऊ वर्षांची नात शाळेच्या टीममध्ये खेळते. गोलाची गोष्ट तिने इतक्यांदा ऐकली होती, की मधले दम खाण्याचे थांबेसुद्धा तिला पाठ होते. पोर गुणी, म्हणून 'थापा मारता' असं ती कधी म्हणाली नाही. फक्त शेवटी एवढंच विचारायची, "मग तुमचं नाव कुठे लिहिलंय?" आता लिहिलं जाणार होतं.

इतिहास समितीत सतरा जण होते. त्यांपैकी तिघांना लिहिता येत होतं, उरलेले चौदा दुरुस्त्या करणार होते. समितीने फळ्यावर नोटीस लावली: 'अंतिम सामन्यातील गोलबाबत कोणाचा काही हक्क असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे.' अर्ज आले चौदाशे सहा.

मैदानात माणसं मावतात सहाशे. अर्जांनुसार त्या दिवशी हजर होते अकराशे आठ, आणि त्यांतल्या चौऱ्याहत्तर जणांचा तेव्हा जन्म झालेला नव्हता. समिती याबाबत फार कडक राहणार होती, पण या चौऱ्याहत्तरांत चिटणीस स्वतः निघाले, तेव्हा 'आठवण वारशाने मिळते' असा ठराव झाला. न्हाव्याने कळवलं, की सकाळी मी प्लंबरच्या कपाळावरचे केस कापले नसते तर त्याला बॉल दिसला असता का? शिंप्याने चड्डी एक बोट सैल ठेवली होती. अध्यक्ष, म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर, वय त्र्याऐंशी, यांनी त्याला तीनदा नापास करून सरावाला मोकळा वेळ मिळवून दिला होता. समोरच्या टीमचा गोलकीपर पुढे गावचा जावई झाला. त्याचं म्हणणं, मी चुकीच्या बाजूला उडी मारली म्हणून गोल झाला. जावयाचा मान ठेवून हा अर्ज चर्चेविना मंजूर झाला.

राहिलेले दोनशे अठ्ठ्याण्णव सामन्याला गेलेच नव्हते. 'आम्ही गेलो की टीम हरते, म्हणून काळजावर दगड ठेवून घरी बसलो.' हा पुरावा खोडून काढता येत नसल्यामुळे समितीने तो सर्वांत भक्कम मानला.

अर्ज न करणारे फक्त सहा. पाच जण परगावी होते, त्यांचं फोनवर घेतलं. सहावा प्लंबर. आपणच मारलाय, आपण कशाला अर्ज करायचा, असं त्याला वाटलं. (नोटिसा न वाचण्याचे तोटे हे असे.) शेवटी उशीर माफ करून, दोन साक्षीदारांच्या सहीने, त्याचाही अर्ज घेतला गेला.

सर्वसाधारण सभेत तो उभा राहिला. "अहो मास्तर, पण पाय माझा होता."

"पाय तुझा, हे सभेला मान्य आहे," मास्तर म्हणाले. "खेळत कोणासाठी होतास?"

"क्लबसाठी."

"क्लब कोणाचा?"

"आपला सगळ्यांचा."

"झालं तर मग."

शेजारी बसलेल्या न्हाव्याने त्याला शर्ट धरून खाली बसवलं. "बस रे आता. किती तो मीपणा!" 'गोल सर्वांचा' हा ठराव एकमताने मंजूर झाला. (एक मत विरोधात होतं. ते कोणाचं हे सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे मोजलं नाही.)

मग पराभवांचं प्रकरण आलं. न्याय म्हणजे न्याय, म्हणून त्यालाही नोटीस लागली. पंधरा दिवसांची मुदत तीनदा वाढवली, तरी एक अर्ज येईल तर शपथ. नाइलाजाने दोनशे एकोणीस पराभव ज्याचे त्याच्या नावावर चढवावे लागले, धंदा आणि पत्त्यासकट.

पुस्तक घरी आलं तेव्हा नातीने ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं. गोल मारणाऱ्यांची यादी सव्वीस पानं होती, अर्ज आल्याच्या क्रमाने. तिचं बोट खाली सरकत राहिलं आणि प्लंबर दुसरीकडे बघत राहिला.

"आजोबा, तुमचा नंबर चौदाशे बारा. तुमच्याआधी चौदाशे अकरा जणांनी मारला?"

"गर्दी होती गं," प्लंबर म्हणाला. त्याला रडू येत होतं, पण साठी उलटलेल्या माणसाने गोलसाठी रडायचं म्हणजे लोक हसतात.

नात पानं उलटत पुढे गेली आणि एका जागी थांबली. करंडकाच्या पुढच्या वर्षी, उपांत्य सामन्यात, प्लंबरने पेनल्टी मारली होती आणि बॉल मैदानाबाहेरच्या गॅरेजच्या पत्र्यावर जाऊन पडला होता. क्लब त्या दिवशी बाहेर फेकला गेला.

"आजोबा, हे बघा ना! इथे फक्त तुमचंच नाव आहे. पूर्ण!" ती म्हणाली, आणि ते पान मैत्रिणींना दाखवायला पुस्तक दप्तरात भरून शाळेत घेऊन गेली. प्लंबरला बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

वाचकहो, तुम्ही एव्हाना प्लंबरची बाजू घेतली असणारच. तुम्ही न्यायी माणसं. फक्त एवढं आठवून बघा, घरातली पोर पहिली आली तेव्हा 'शेवटी रक्त कोणाचं!' असं कोण म्हणालं होतं, आणि ती नापास झाली तेव्हा तिला आतल्या खोलीत एकटीला कोणी बसवलं होतं. सभासदत्वाचा अर्ज इतिहासाच्या शेवटच्या पानावर जोडलेला आहे. तुम्हाला अनुमोदक लागणार नाही.